अठ्ठेचाळीस नावांची पत्रिका

प्रश्न थोडक्यात असा: पत्रलेखिका २८ वर्षांची, मूळची सातारा जिल्ह्यातली, पुण्यात नोकरी करते. वैशाखात कऱ्हाडला लग्न आहे, हातात अकरा आठवडे आहेत. दोन वर्षांपूर्वी ती लिनो (लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून त्याचा ठसा उठवणं) आणि स्क्रीन प्रिंटिंग (फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई कागदावर उतरवणं) शिकली. मित्रमैत्रिणींच्या बारशाची, वाढदिवसाची निमंत्रणं तिनं हातानं छापून दिली आहेत. आता स्वतःच्या लग्नाची पत्रिकाही स्वतःच छापायची आहे: आजीच्या पितळी अडकित्त्याचं चित्र, खाली दोघांची नुसती नावं, तारीख, स्थळ. तीन रंग, हातकागद, ३५० प्रती. आईला हे मान्य नाही. लग्नाच्या पत्रिकेवर कातरायची वस्तू कशाला, हा तिचा पहिला आक्षेप. शिवाय तिनं ४८ नावांची यादी दिली आहे. वर दिवंगत आजोबांचा आशीर्वाद, खाली चुलते, मामा, भाऊ आणि सासरहून आलेली नऊ नावं. वडील काहीच बोलत नाहीत. होणारा नवरा म्हणतो, व्हॉट्सॲपवर पाठवू, एवढा त्रास कशाला. शेवटी तिनं तोडगा काढला आहे: हातानं छापलेल्या १०० प्रती ऑफिस आणि मित्रमंडळींना, बाकीच्यांना प्रेसमधली नेहमीची लाल-सोनेरी. पण मग माझी खरी पत्रिका कोणती, असं ती विचारते. सोबत तिनं अडकित्त्याचा एक ठसा पाठवला आहे.

उत्तर:

तुझा ठसा समोर ठेवूनच लिहायला बसले आहे. दोन पात्यांमध्ये अर्धी कातरलेली सुपारी, मुठीला घोड्याचं तोंड, आणि खिळीपाशी शाई किंचित जास्त बसलेली. कापताना हत्यार दोनदा घसरलंय, ते तू घोड्याच्या आयाळीत बेमालूम मिसळून टाकलंस. चित्र फार चांगलं आहे. हे आधीच सांगते, कारण पुढे तुझ्या काही म्हणण्याला मी हरकत घेणार आहे आणि ती चित्राला आहे असं तुला वाटायला नको.

माझे वडील तालुक्याच्या गावी छापखाना चालवायचे. एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, केसी, छापलेले कागद वाळत घालायला भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या. पायानं ट्रेडल मारायचं, एका हातानं कोरा कागद लावायचा, दुसऱ्यानं छापलेला काढायचा. लग्नसराईत 'चि' आणि 'सौ'चे खिळे कमी पडायचे, मग एक पत्रिका छापून झाली की तिचे खिळे सोडवून दुसरीला लावायचे. शाळेतून आले की मी घड्या घालायला बसायची. तुला हातछपाई म्हणून जे विशेष वाटतं, त्याला आमच्याकडे वेगळं नाव नव्हतं. सगळ्याच पत्रिका तशा होत्या.

पण एक गोष्ट मला आज, तुझं पत्र वाचताना, नव्यानं जाणवली. पत्रिका छापायला नवरा-नवरी आल्याचं मला एकदाही आठवत नाही. यायचे वडील, नाहीतर काका. त्यांच्या खिशात वहीचा फाडलेला कागद असायचा आणि त्यावर नावं. चित्र कुठलं, रंग कुठला, हे दोन मिनिटांत ठरायचं: गणपती घाला, लाल शाई. नावांना मात्र तास लागायचा. कोणाच्या आधी कोण, 'श्री' कोणाला, 'कै.' कोण झालं, कोणत्या चुलत्याचं नाव घातलं तर दुसऱ्याचं घालावंच लागेल. माझे वडील तो कागद मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मगच जुळवायला घ्यायचे.

एकदा त्यांच्याकडून एक ओळ सुटली. नेमकं थोरल्या चुलत्यांचं नाव. तीनशे पत्रिका तयार होऊन घरी गेल्यावर ते लक्षात आलं, आणि ते गृहस्थ हळदीला येईनात. वडिलांनी रात्रभर बसून सगळ्या पुन्हा छापल्या, स्वतःच्या कागदावर, आणि पहिली प्रत घेऊन सकाळी स्वतः त्यांच्या दारात गेले. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. एका नावासाठी एवढं कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, ज्याचं नाव छापलं, त्याच्या अंगावर लग्न येतं. ज्याचं गाळलं, तो पाहुणा झाला.

आई तुझ्याकडे ४८ नावं मागते आहे, म्हणजे ती ४८ माणसांच्या अंगावर लग्न टाकते आहे. त्यातला कोणी मांडवाचं बघेल, कोणी वऱ्हाड उतरवून घेईल, कोणी पंगतीत आग्रह करत फिरेल. मराठी पत्रिकेत बोलावणारं असतं ते घर. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' यातलं 'आमचे' हा सगळा घरोबा आहे. तू ज्याला 'माझी पत्रिका' म्हणतेस, त्यात तुम्ही दोघं स्वतःच्या लग्नाला स्वतःच बोलावता आहात. तसंही करता येतं, आणि ज्यांनी लग्न स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या हिमतीवर ठरवलं त्यांनी तसं खुशाल करावं. तुझं लग्न तसं आहे का? कऱ्हाडच्या कार्यालयात, घरच्या माणसांच्या जिवावर होणारं लग्न आहे ते. मग बोलावणाऱ्यांची नावं त्यावर असणं मला तरी रास्त वाटतं.

नावं आली की पत्रिका कुरूप होते, असं तू धरून चालली आहेस. कुरूप होते खरी, पण नावांमुळे नव्हे. लाल कागदावर सोनेरी शाईत, सात पॉइंटमध्ये, पाच वेगवेगळ्या फॉन्टांत ती कोंबली की कुरूप होते. तीच ४८ नावं एका फॉन्टात, दोनच जाडींत, अकरा पॉइंटमध्ये, दोन ओळींत अंतर सोडून दोन रकान्यांत लावून बघ. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा 'मुक्ता' फॉन्ट मोफत मिळतो, त्यात बारीकपासून जाडपर्यंत बऱ्याच जाडी आहेत आणि जोडाक्षरं नीट आहेत. देवनागरीत नावांची रांग लागली की शिरोरेषांच्या पट्ट्यांनी पान आपोआप बांधलं जातं. घडीची पत्रिका कर: वरच्या पानावर अडकित्ता आणि तुमची दोन नावं, आत उघडल्यावर घर. तुझं मोकळं पान तुला मिळतं, आईची यादीही पूर्ण राहते.

आता त्या यादीकडे मी जरा निराळ्या नजरेनं बघते. तू पत्रासोबत ती उतरवून पाठवलीस म्हणून मी मोजली. ४८ पैकी बायकांची नावं सहा. काका आहेत, काकू नाहीत. आत्यांचे यजमान आहेत, आत्या नाहीत. तुझा राग साधेपणासाठी आहे की यासाठी आहे, ते एकदा मनाशी तपासून बघ. यासाठी असेल तर नावं काढू नकोस, वाढव. 'श्री. व सौ.' या जोडीत काकूचं स्वतःचं नाव हरवतं, त्यापेक्षा दोघांची नावं पूर्ण लिही. ४८ची ८० झाली तरी चालतील, आतलं पान त्यासाठीच आहे. आईशी 'नावं नकोत' यावरून वाद घालण्यापेक्षा 'काकूचंही घालू' म्हणून तिच्याशेजारी बस. ती नाही म्हणणार नाही, असा माझा अंदाज आहे.

आणि एक नाव दोन्हीकडे नाही. आईच्या यादीत आजोबांचा आशीर्वाद आहे, आजी नाहीत. तुझ्या साध्या पत्रिकेवर त्यांचा अडकित्ता आहे, त्या नाहीत. त्या हयात आहेत, घरात आहेत, रोज सुपारी कातरतात असं तूच लिहिलं आहेस. पत्रिकेची पहिली ओळ त्यांच्या नावानं सुरू झाली तर? 'श्रीमती अमुक यांच्या आशीर्वादाने', आणि त्यापुढे आजोबांचं स्मरण. विधवा बाईचं नाव वर नको, तिचं बोट कुंकवाला नको, हे अजून पुष्कळ घरांत कोणी न बोलता पाळलं जातं. कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्यावर राज्यभर बोललं गेलं. तुझ्या घरात ठराव नको. फक्त आजींना आधी एकटीनं विचार. सगळ्यांसमोर विचारलंस तर त्या संकोचानं नाही म्हणतील. त्यांना मनापासून नको असेल तर आग्रह करू नकोस, पण विचारल्याशिवाय राहू नकोस.

अडकित्त्याचं आजींनाच सोडवू दे. आईची भीती पोकळ नाही. लग्नाच्या कागदावर पातं बघून तिच्या पोटात खड्डा पडला असेल, आणि लेकीच्या लग्नाआधी आयांच्या पोटात असे खड्डे पडतातच. पण आपल्याकडे सोयरीक ठरली की 'सुपारी फुटली' म्हणतात. अक्षत आणि सुपारी ठेवून बोलावण्याची रीत छापील पत्रिकेहून कितीतरी जुनी. नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार असते, तिला पातं नाही असं कोण म्हणेल? हे मुद्दे तू आईला वकिलासारखे ऐकवू नकोस. आजींनी त्यांच्या लग्नात तो अडकित्ता कसा आला, ते आईला सांगितलं की पुरे. आणि चित्रातही एक बदल करून बघ. आत्ता सुपारी पात्यात अर्धी तुटलेली आहे. अडकित्ता मिटलेला, शेजारी विड्याचं पान आणि अख्खी सुपारी, असा दुसरा ठसा काढ. दोन्ही भिंतीला लाव, दोन दिवस राहू दे, काही बोलू नकोस. मला स्वतःला मिटलेला अडकित्ता घोड्याच्या आकारामुळे जास्त आवडेल असं वाटतं, पण हात तुझा आहे.

तुझा १०० आणि २५०चा तोडगा मात्र मला मुळीच मान्य नाही. लग्नघरात कोणाला कोणती पत्रिका मिळाली हे लपत नाही. गावाकडची मावशी हळदीच्या दिवशी तुझ्या मैत्रिणीच्या पर्समधली हातकागदाची पत्रिका बघेल आणि घरी ठेवलेली लाल-सोनेरी आठवेल. ती काही बोलणार नाही, पण लक्षात ठेवेल. पत्रिका कोण जपून ठेवतं? ऑफिसातली मंडळी तारीख फोनमध्ये टाकून पाकीट ड्रॉवरमध्ये विसरतील. मावशी ती देव्हाऱ्याजवळ किंवा आरशाच्या चौकटीत खोचून ठेवेल आणि लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी काढणार नाही. हातानं छापलेली प्रत खरं तर तिचीच. तेव्हा एकच पत्रिका, सगळ्यांना सारखी.

मग ३५० हातानं होतील का? तुझ्या आराखड्यात तीन रंग आहेत. वाया जाणाऱ्या धरून ४०० कागद घेतलेस तर तीन रंगांचे १,२०० हात मारावे लागतील, आणि प्रत्येक रंग आधीच्यावर बरोबर बसला पाहिजे. पाच बाय सातचं एक पान धर. तशी ३५० पानं जमिनीवर पसरली तर सुमारे ८५ चौरस फूट जागा जाते, म्हणजे दहा बाय दहाची खोली जवळजवळ भरली. घडीची पत्रिका उघडी वाळवायची तर त्याच्या दुप्पट. तुझ्या भाड्याच्या घरात ही जागा कुठे आहे? आणि लिनोचा ठसा चमच्याच्या पाठीनं घासून ४०० वेळा उठवशील तर मेंदी काढायच्या दिवशी मनगट हलणार नाही.

माझं मत असं: मजकूर प्रेसमध्ये छापून घे, चित्र तू छाप, एका रंगात. सगळ्या ४०० कागदांवर. क्रम उलटा करू नकोस. आधी प्रेसचा मजकूर, नंतर तुझा हात. तुझी शाई जाड बसते, ती मशीनच्या रोलरला लागू शकते आणि लेझर प्रिंटरच्या उष्णतेनं खराब होऊ शकते. कागदाची जाडी प्रेसवाल्याला आधी दाखव. हातकागद सगळीकडे सारखा जाड नसतो, काही मशीन तो घेत नाहीत, आणि अशा वेळी तो मजकूरही स्क्रीननंच करून देणारा कारागीर शोधावा लागतो. पुण्यात तू आहेसच, शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जाऊन कागद हातात घेऊन बघ. १९४० पासूनची संस्था आहे. घडीच्या पत्रिकेला फार जाड कागद घेऊ नकोस, घडीवर फुटतो. दोनशे जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा पुरतो. दहा ताव जास्तीचे घे, कारण पुढच्या खेपेला तोच रंग मिळेल याची खात्री नाही.

लिनोचं काय? लिनो वाया जात नाही. तुझ्या लिनोचा सगळ्यात स्वच्छ ठसा पांढऱ्या गुळगुळीत कागदावर उठव, तो स्कॅन कर, त्याची पारदर्शक कागदावर काळी फिल्म काढ आणि त्या फिल्मवरून स्क्रीन तयार कर. हत्याराच्या सगळ्या रेघा, घोड्याची ती आयाळसुद्धा, जशीच्या तशी उतरते. स्क्रीनला हात मारायला चमच्याच्या घासणीच्या मानानं काहीच वेळ लागत नाही. चित्रापुरती मध्यम जाळी चालेल. मजकूरही स्क्रीनवर करायची वेळ आली तर दाट जाळी घे, सेंटिमीटरला १२० धाग्यांची, नाहीतर 'श्री' आणि 'ध'ची पोटं शाईनं भरून जातात. फ्रेम उन्हात एक्स्पोज करणार असशील, म्हणजे उजेडानं चित्र जाळीवर उतरवणार असशील, तर आधी छोट्या तुकड्यांवर वेगवेगळी मिनिटं देऊन बघ. पुण्यातलं एप्रिलचं ऊन डिसेंबरच्या उन्हासारखं वागत नाही. आणि पाण्यात मिसळणारी शाई वापरत असलीस तर दुपारी छापायला बसू नकोस. उन्हाळ्यात ती जाळीतच वाळते आणि दहाव्या कागदाला घोड्याचा कान गायब होतो. सकाळी सहाला सुरू कर, दहाला थांब. दोऱ्या बांध, कपड्यांचे चिमटे आण.

हे काम एकट्याचं नाही, दोघांचं आहे. एकानं स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, ओढायची, दुसऱ्यानं कागद लावायचा आणि उचलायचा. शाईचे हात कागदाला लागता कामा नयेत म्हणून दुसरा माणूस लागतोच. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला बोलाव. व्हॉट्सॲपचं त्याचं म्हणणं तुला तुच्छतेचं वाटलं, मला ते काळजीचं वाटतं: नोकरी, खरेदी, प्रवास यात तू दमशील, हे त्याला दिसतं आहे. त्याला एका रविवारी स्वच्छ हातांनी कागद उचलायला उभा कर. शंभर कागद झाल्यावर तो पुन्हा त्रास म्हणाला तर मला कळव. आणि व्हॉट्सॲपचं चित्रही हवंच आहे, परदेशातल्या आणि दूरच्यांसाठी. छापलेल्या प्रतीचा चांगल्या उजेडात फोटो काढून तोच पाठवा, निराळं डिझाइन करू नका. नकाशाचा क्यूआर हवा असेल तर मागच्या पानावर, निदान दोन सेंटिमीटरचा, आणि हातकागदावर छापून दोन-तीन फोननी तपासून.

एक कामाची गोष्ट, जी साधी पत्रिका करणाऱ्या पुष्कळ जणींच्या ध्यानात येत नाही. विवाह नोंदणीच्या अर्जासोबत लग्नपत्रिका मागतात. तुझ्या आराखड्यात दोघांची घरातली हाक मारायची नावं आहेत, आडनाव नाही, कार्यालयाचा पत्ता नाही. वरच्या पानावर ती नावं राहू देत, पण आत दोघांची आधार कार्डावर आहेत तशी पूर्ण नावं, आईवडिलांची नावं, तारीख वारासकट आणि स्थळाचा पूर्ण पत्ता आलाच पाहिजे.

वेळेचा हिशोब असा धर. पहिले दोन आठवडे फक्त नावं आणि मजकूर. या काळात शाईला हात लावू नकोस, कारण नावं बदलत राहतात. पाकिटांची संख्याही तेव्हाच ठरव, माणसं मोजून नव्हे, घरं मोजून. ३५०ची ३००वर यादी येते असा माझा अनुभव आहे. तिसऱ्या आठवड्यात कागद आणि दहा नमुने. चौथ्यात प्रेस. पाच, सहा, सात, तीन रविवार तुमचे, रविवारी सव्वाशे-दीडशे कागद. आठव्यात घड्या, पाकिटं, कुंकू. म्हणजे वाटायला तीन आठवडे राहतात. तुमचा देव पालीचा खंडोबा असं तू लिहिलंस. ज्या देवाचं स्वतःचं लग्न दर पौषात लागतं, त्याच्याकडे पहिली पत्रिका न्यायला एक मोकळा दिवस आधीच राखून ठेव. कुंकवाची मात्र चाचणी कर. पाण्यात कालवलेलं कुंकू हातकागदावर पसरतं आणि मागच्या पानावर उमटतं. वाया गेलेल्या कागदावर दोन-तीन प्रकारे लावून बघ, कमीत कमी ओलं कुठलं चालतं ते. अक्षता पाकिटात घालणार असाल तर एक भरलेलं पाकीट टपाल कचेरीत वजन करून ये.

तुझ्यासारखीच आणखी काही पत्रं माझ्याकडे आली आहेत, त्यातल्या काहींचं लग्न चार आठवड्यांवर आहे. त्यांना मी पत्रिका हातानं छापायला सांगणार नाही. चित्राचा रबरी शिक्का करून घ्या आणि पाकिटांवर मारा. तीनशे पाकिटं दोन संध्याकाळींत होतात, आणि भाचरं हौसेनं बसतात. डोहाळजेवण, बारसं, साठी, असं चाळीस-पन्नास निमंत्रणांचं काम असेल तर मात्र सगळं लिनोवर करा, मजकुरासकट, अक्षरं मोठी ठेवून. फक्त अक्षरं उलटी कोरायची असतात, हे उत्साहाच्या भरात विसरू नका. कागदावर सुलटं लिहून त्याची उलट बाजू लिनोवर उतरवून घ्यावी.

आता प्रूफ. हातानं केलेल्या कामात शाई कमी-जास्त झाली तर चालते, नाव चुकलं तर चालत नाही. आईसमोर बसून प्रत्येक नाव मोठ्यानं वाच, तिनं तिच्या यादीवर खूण करत जायचं. सासरची नऊ नावं त्यांच्याकडून लिहून, तपासून घे. फोनवर ऐकून लिहू नकोस. आणि प्रेसकडून आलेलं प्रूफ नव्यानं वाच, तू पाठवलेलं तेच असेल असं समजू नकोस. एका फॉन्टातून दुसऱ्यात मजकूर गेला की जोडाक्षरं मोडतात. तुझ्या पत्रिकेत तर गावाचं नावच 'कऱ्हाड' आहे. त्यातला अर्धा 'र' फॉन्ट बदलताना हमखास रफार होऊन 'ह'च्या डोक्यावर जाऊन बसतो. सगळ्यात आधी तिथे बोट ठेव. मग 'ज्येष्ठ', 'द्वितीय', 'आशीर्वाद'. आशीर्वादातल्या 'शी'ची वेलांटी दीर्घ.

शेवटचं. तू लिहिलं आहेस की एवढं करून ते मी केलं हे कोणाला कळणारही नाही. आमच्या छापखान्यातून गेलेल्या प्रत्येक पत्रिकेच्या मागच्या पानावर, अगदी तळाला, सर्वांत लहान खिळ्यांत वडील छापखान्याचं नाव घालायचे. गिऱ्हाइकानं काढा म्हटलं तरी काढायचे नाहीत. तुझ्या पत्रिकेलाही ती ओळ असू दे, त्याच जागी, त्याच आकारात: 'चित्र व छपाई: नवरी मुलगी'. आणि आजी हो म्हणाल्या तर तिच्या आधी आणखी एक: 'अडकित्ता: आजीचा'.